फोडणी

आमटीला फोडणी नव्हती.

पहिल्या घासालाच ते कळलं. आमच्या आईच्या आमटीची वर्दी तीन घरं पलीकडे जायची, इतका लसूण ती तेलात तांबूस करायची. त्या शुक्रवारी ताटात नुसती शिजवलेली डाळ होती, हळद-मीठ घातलेली. वर तवंगही नव्हता.

"आई, फोडणी द्यायची राहिली काय?"

"पोटाला बरं न्हाई माझ्या," आई म्हणाली. "म्हटलं चार दिवस तेल नको."

"मग तुझ्यापुरती बाजूला काढायची. दादा कसा खातोय हे?"

दादा मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. "चालतंय की," तो म्हणाला. "पुण्याला गेल्यापासनं तुझी जीभ लई शहाणी झालीया."

वैनी हसल्या नाहीत. एरवी दादाने मला टोमणा मारला की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मला ते दिसलं, आणि मी भाकरी खाल्ली. माझ्या मांडीवर सात महिन्यांची सई माझ्या ताटात हात घालायला बघत होती.

मी यात्रेसाठी आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, माहेरी पोचले होते. आमचं गाव विट्याजवळचं. गावातली निम्मी घरं वर्षभर कुलुपात असतात, कारण माणसं देशभर पांगलेली आहेत. जिथे सोनारांची गल्ली, तिथे आमच्याकडचा एक तरी गलाईवाला भट्टी मांडून बसलेला असतो, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतो. दादाचं दुकान तमिळनाडूत सेलमला. चैत्रातल्या यात्रेला मात्र सगळे परततात, आणि आठ दिवस गावात मराठी, तमिळ, तेलुगू, बंगाली अशा चार भाषांत भांडणं चालतात.

त्या वर्षी आमच्या घराचा मान होता. देवीच्या पालखीची पुढची दांडी गावातल्या सात भावक्यांकडे आळीपाळीने येते. पालखी देवळातून उठते ती थेट मानाच्या घरी येते, उंबऱ्यासमोर थांबते, त्या घरचा कर्ता पाय धुऊन दांडीखाली शिरतो, आणि मग ती गावभर फिरते. आबा जाऊन तीन वर्षं झाली होती. कर्ता म्हणून दादाचा हा पहिलाच मान. "गलाईवाले काय, चार दिवस अत्तर लावून येतात," असं गावातली राहती माणसं बोलायची, दादाला त्या माणसांना दाखवून द्यायचं होतं. त्याने नवा फेटा आणला होता. खांद्यावर ठेवायची मऊ उशी वैनींकडून शिवून घेतली होती.

मी गेटातून आत शिरले तेव्हा दादाचा विराज ओट्यावर बसला होता. चार वर्षांचा. मला बघून "आत्ती" म्हणत धावत आला आणि आधी सईच्या गालाचा मुका घेतला. त्याचं नाक वाहत होतं. डोळे लाल होते, आणि तो उजेडाकडे बघताना ते बारीक करत होता. खोकलाही होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली. रोगी माणसं मी फारशी बघितलेली नाहीत, रोगजंतू बघितलेत. पण सर्दी, खोकला, लाल डोळे हे तीन शब्द एका ओळीत आले की चौथा शब्द कोणता, हे मला पाठ होतं.

"दादा," मी बॅग खाली ठेवता ठेवता विचारलं, "याला गोवराची दिली होतीस ना?"

"दिली की. तूच तर डोकं खाल्लं होतंस."

"दोन्ही डोस?"

"व्हय गं बाई, दोन्ही. आता आत येशील का दारातच परीक्षा घेशील?"

"रेल्वेत धूळ खाल्लीया पोरानं," आई आतून म्हणाली. "दोन दिवस खिडकीत बसून आलंय."

मी आत गेले. सख्ख्या भावाने तोंडावर सांगितलेली गोष्ट तपासून बघायची, हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.

तो डोकं खाल्ल्याचा प्रसंग मला नीट आठवत होता. आदल्या वर्षी मला सातवा महिना होता, ओटीभरणाला दादा-वैनी सेलमहून आले होते. दुपारी सगळे पांगल्यावर वैनींनीच विषय काढला होता. विराजला सहाव्या महिन्यात त्रिगुणीच्या डोसानंतर ताप चढला होता आणि झटका आला होता. वैनी तेव्हा माहेरी भावाच्या लग्नाला आलेल्या. दादा एकटाच होता. भाषा धड येत नाही, रिक्षा मिळत नाही, आणि मांडीवर पोर डोळे फिरवून ताठ झालेलं. त्यानंतर दादाने त्याला एकही लस दिली नव्हती.

"झटका खरा होता, दादा," मी म्हणाले होते. "लशीने ताप येतो, आणि तापाने एखाद्याला झटका येतो. हजारो मुलांत एखाद्याला. मी तो नाकारत नाही."

"तुझ्या हजारोंतलं एक माझ्या मांडीवर होतं."

मी म्हणाले, "तापाचा झटका दिसतो भयंकर, पण मूल त्यातून बरं होतं. विराज बरा झालाच ना? गोवराचं तसं नाही. त्यात हजारातलं एखादं मेंदूला सूज येऊन कायमचं अधू होतं. न्यूमोनिया तर कितीतरी जणांना होतो. काही मरतात. लस देण्यात धोका नाही असं मी म्हणतच नाही. दोन्ही धोके एका तराजूत घाल, एवढंच म्हणते. तू तेजाबात हात घालतोस, भाजेल म्हणून धंदा सोडलास का?"

"माझा हात भाजतो, शुभे. पोराचा न्हाई."

"पोराचाच विचार करून सांगते. आणि माझ्याही." मी पोटावर हात ठेवला होता. "याला नऊ महिन्यांचं होईपर्यंत गोवराची लस नाही मिळणार. माझ्याकडून मिळालेली ताकद तोवर ओसरत जाईल. त्या मधल्या दिवसांत याची राखण कोण करणार? आसपासची टोचलेली पोरं. म्हणजे तुझा विराज."

दादाने तेव्हा मान हलवली होती. तो शिकलेला कमी, पण प्रश्न नेमका विचारायचा. "आणि समज, त्या मधल्याच दिवसांत लागण झालेल्या पोराजवळ गेलं तुझं बाळ, तर?"

"सहा महिने पूर्ण असतील तर तीन दिवसांच्या आत लस टोचायची. बहुतेक वेळा आजार टळतो किंवा सौम्य होतो."

"तीन दिवसांनंतर?"

"मग फार काही हातात राहत नाही."

पुढे सई झाल्यावर, एका संध्याकाळी, सेलमहून त्याचा फोन आला. "दिली बाई विराजला. दुसरी महिन्याने आहे. रडला न्हाई फार." मी पेढे वाटले नाहीत एवढंच. आपण एखाद्या माणसाला नीट समजावून सांगू शकलो, तेही दादासारख्याला, याचा मला फार अभिमान वाटला होता.

तर, ती बिनफोडणीची आमटी. शुक्रवार गेला, शनिवारी पिठलं झालं तेही पाण्यात कालवलेलं. विराज खाली दिसेना.

"माडीवर निजलाय," वैनी म्हणाल्या. "ताप आहे थोडा."

"बघते की मी."

"नको वन्सं, आत्ताच डोळा लागलाय. आणि सईला सर्दी लागंल."

सईच्या सर्दीची काळजी केली म्हणून मला वैनींचं बरं वाटलं. मी वर गेले नाही. रविवारी पुरणावरणाचा घाट सुरू झाला तेव्हा आईने कढई, झारा, तेलाचा डबा सगळं उचलून शेजारच्या काकूकडे नेलं. कुरडया, भजी, कटाची आमटी, सगळं काकूच्या चुलीवर.

"आपल्या घरचा मान आणि नैवेद्य दुसऱ्याच्या घरी तळायचा?" मी विचारलं.

"गॅस सरत आलाय."

मी सिलिंडर हलवून बघितला. जड होता. म्हटलं, म्हातारीला अंदाज येत नसेल. आज हे लिहिताना प्रत्येक गोष्ट कशी एका रांगेत उभी आहे. तेव्हा ती रांग नव्हती. यात्रेचं घर होतं, माणसं येत-जात होती, सईला दात येत होते, आणि लस दिलेली होती. ते एक वाक्य पाया म्हणून खाली घट्ट बसलेलं होतं, त्यामुळे वरचं काहीच हलत नव्हतं.

सोमवार यात्रेचा मुख्य दिवस. सकाळपासून देवळाकडून ढोल ऐकू येत होता. दारात सडा, रांगोळी, केळीचे खुंट. आमच्या ओट्याशी बायका लहान पोरं घेऊन जमायला लागल्या होत्या, कारण पालखी मानाच्या घराशी टेकवली की तिच्याखालून तान्ही मुलं इकडून तिकडे द्यायची रीत आहे. देवी त्यांना राखते म्हणतात. मागच्या यात्रेनंतर गावात जन्मलेली सगळी पोरं तिथे काजळ-टोपड्यांत आली होती. आईने सईलाही नवं झबलं चढवलं होतं.

"पयला मान आपल्या सईचा," ती म्हणाली. "तिला सगळ्यात आधी द्यायची खालनं."

सईने झबलं ओलं केलं म्हणून मी दुपटं आणायला माडीवर गेले. दुपटी वरच्या पेटीत होती. खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. आत अंधार, खिडकीला जुनं लुगडं बांधलेलं. विराज वाकळीवर जागाच पडला होता.

"आत्ती," तो म्हणाला. आवाज बसलेला.

मी खिडकीवरचं लुगडं बाजूला केलं. त्याच्या कपाळापासून मानेपर्यंत, सदऱ्याच्या गळ्यातून खाली, तांबडे डाग एकमेकांत मिसळले होते. चेहऱ्यावरचे तपकिरी पडायला लागले होते. म्हणजे तीन-चार दिवस झालेले. त्याला उचलायला मी वाकळीखाली हात घातला तर बोटांना पानं लागली. मी वाकळ उलटली. खाली कडुलिंबाचा पाला पसरलेला होता, चांगला डहाळ्यांसकट. वरचा थर ताजा, खालचा सुकत आलेला. रोज कुणीतरी बदलत होतं.

आमच्याकडे घरात गोवर आला की पाहुणी आली म्हणतात. देवी पोराच्या अंगात उतरलेली असते. ती असेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, आणि दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या. डहाळी दिसली की लहान मूल घेऊन त्या घरात कुणी पाय ठेवत नाही, पालखीही त्या दाराशी टेकत नाही. मी लहानपणापासून बघत आलेली गोष्ट. दाराला नव्हती, म्हणून मी सईला घेऊन राहिले होते.

मागे वैनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला पाला बघितला आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसल्या.

"कधी आलं अंगावर?"

"शुक्रवारी सकाळी."

"लस दिली होती?"

त्या रडायला लागल्या. "मी न्यायला निघाले होते दोनदा, वन्सं. ह्यांनी दारातनं परत आणलं. म्हणाले, शुभी काय बघायला येतीया व्हय सेलमला. सांगून टाकतो दिली म्हणून."

"आणि आई?"

"त्याच रोज पाला आणतात. परड्यातनं."

सई खाली आईच्या कडेवर होती. मी जिन्यावरून उतरले तेव्हा दादा मोरीत पाय धूत होता, डोक्याला फेटा, खांद्यावर ती उशी. माझ्या हाताकडे बघून त्याने तांब्या खाली ठेवला.

"हळू बोल," तो आधी म्हणाला. "बाहेर माणसं आहेत."

"शुक्रवारी माहीत होतं तुला."

"शुभे, पालखी उठू दे. मी स्वतः गाडी करून सांगलीला नेतो सईला. सगळ्यात मोठ्या डॉक्टरकडं. आज संध्याकाळीच."

"आज सोमवार आहे, दादा."

तो पंचाने पाय पुसायला लागला.

"तीन दिवस. तूच विचारलं होतंस मला. तीन दिवसांनंतर काय, असं तूच विचारलं होतंस. मी शुक्रवारी खाली बसून तुझ्याबरोबर जेवत होते. आपल्या दवाखान्यात लस होती. चालत गेले असते मी."

"मला वाटलं, लागणार न्हाई. एक मुका तर घेतला पोरानं." त्याचा चेहरा आबांसारखा झाला होता, थकल्यावर व्हायचा तसा. "सांगितलं असतं तर मान गेला असता. पुढच्या भावकीला. परत सात वर्षं. आबांच्या माघारी पयल्यांदा, आणि दाराला पाला. गाव काय म्हणालं असतं? पोरं वाऱ्यावर सोडून धंदे करत्यात."

ढोल गल्लीच्या तोंडाशी आला होता. आई सईला घेऊन आत आली. तिने माझ्याकडे बघितलं, पाल्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ती भीती नव्हती. वैताग होता. दोन तास आणखी गेले असते तर बरं झालं असतं, असा.

मी सईला तिच्याकडून घेतलं.

"आई, तुझी नात आहे ही."

"मला ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "देवीचं काय चुकवलंय मी? फोडणी बंद केली. तळण बाहेर नेलं. पाला रोज बदलला. रोज हात जोडून सांगितलं, बाई, आलीस ती सुखानं जा, माझ्या लेकीच्या पोरीला हात लावू नगंस. देवीला सगळं ठाव हाय. देवीपासनं मी काय लपवलं न्हाई."

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगून तू गप बसली असतीस?"

नसते बसले. ते तिला बरोबर माहीत होतं. आईला माझी पक्की ओळख होती, म्हणूनच मला सोडून तिने सगळ्यांना सांगितलं होतं. भाऊ, वैनी, देवी. घरात एकटी मीच बाहेरची होते.

ओट्यावरच्या बायकांचा गलका वाढला. पालखी आली होती. टोपड्यातली पोरं पुढे काढली जात होती, आणि माझ्या भावाचं पोर चार दिवस ज्या घरात खोकत होतं त्याच घराच्या उंबऱ्यासमोर पालखी टेकवली जाणार होती. मला त्यांना ओरडून सांगता आलं असतं. हवेतून पसरतो, लस नसलेल्या दहांतल्या नऊ जणांना होतो, पालखीखालून नेऊ नका. ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं असतं? आणि ऐकू गेलं तरी पुण्याची शिकलेली पोर काहीतरी बोलतीया, एवढंच झालं असतं.

मी सईला डाव्या कडेवर घेतलं. उजव्या हातात डहाळ्या होत्या. दरवाज्याला झेंडूचं तोरण होतं, त्याच्या दोऱ्यात मी एक डहाळी खोवली. मग दुसरी.

"शुभे, सोड ते," दादा मागून म्हणाला. दटावून नाही. लहानपणी मी त्याच्या पतंगाचा मांजा धरला की म्हणायचा, तसं.

मी तिसरी खोवली आणि बाजूला झाले.

सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईचं आधी लक्ष गेलं. तिने आपलं पोर छातीशी ओढून घेतलं आणि मागे सरकली. तिच्या मागची सरकली. कुणी कुणाला विचारलं नाही. पालखीबरोबरच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने दाराकडे बघून हात वर केला, ढोल एका ठोक्यात थांबला. त्याने तिथूनच उंबऱ्याला नमस्कार केला. मग पालखी जागच्या जागी फिरली आणि पुढच्या भावकीच्या घराकडे निघाली. दादा धुतलेल्या पायांनी दारात उभा होता. खांद्यावरची उशी त्याने काढली नव्हती.

"घात केलास गं," आई म्हणाली. "पोटच्या पोरीनं घात केला."

मी तासाभरात सईला घेऊन सांगलीला गेले. उशिरा देता येतं असं एक इंजेक्शन होतं, ते त्या दिवशी तिथे कुठेच मिळालं नाही. मग वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात सईला ताप आला. नंतर डाग, न्यूमोनिया, मग दोन्ही कान फुटले. उजवा बरा झाला.

विराजला काही झालं नाही. अंगावर डागही राहिले नाहीत. तो चांगला उंच झालाय म्हणतात.

सात वर्षांनी मान परत आमच्या घराकडे आला. दादाने फोन केला नाही. आईने केला, सकाळच्या वेळी. मी सईचा डबा भरत होते.

"यंदा ये," ती म्हणाली. "तुझ्या दादानं सांगितलंय, तू आल्याबिगर दांडी धरणार न्हाई."

"घरात सगळी बरी आहेत?"

"बरी हायत गं. आईशप्पथ."

मी डब्याचं झाकण लावलं. मग फोनवर भांड्यांचा आवाज झाला. तिने फोन गॅसजवळ नेला असावा. तेल तापायला वेळ लागला. मग मोहरी तडतडली. पाठोपाठ लसूण पडल्याचा चर्रर्र आवाज.

"ऐकलंस?" आई लांबून म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणाले.

आवाज खरा होता. मी फोन ठेवला, आणि सईच्या उजव्या बाजूला जाऊन तिला शाळेसाठी हाक मारली. आम्ही गेलो नाही.